कंपनी बदलली, खांब तोच

मृगाच्या पहिल्या चार सरी कोसळल्या की चिपळुणात तीन गोष्टी हमखास होतात. वीज जाते, परशुराम घाटातल्या दरडींची धास्ती सुरू होते आणि घरोघरी भिंतीवरच्या पेटीतला हिरवा दिवा लाल होतो. पहिल्या दोहोंची बातमी होते, तिसरीची होत नाही. इंटरनेट बंद पडणे ही ज्याची त्याची घरगुती अडचण मानली जाते. वास्तविक त्या लाल दिव्यावर आता एखाद्याची नोकरी, एखाद्याची परीक्षा आणि एखाद्या दुकानाचा दिवसभराचा व्यवहार अवलंबून असतो.

या अडचणीवर ग्राहकाला एक उपाय ठाऊक झाला आहे, तो म्हणजे कंपनी बदलणे. जुन्या कंपनीला कंटाळून नव्या कंपनीची जोडणी घ्यायची, सहा महिन्यांचे वा वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे, नवे राउटर भिंतीवर लावून घ्यायचे. पहिले काही दिवस वेग मोजण्यात आणि शेजाऱ्यांना सांगण्यात जातात. मग एके संध्याकाळी चित्र थबकते, दुसऱ्या दिवशी बैठकीतला आवाज तुटतो आणि महिनाभरात घरात पुन्हा तोच संवाद सुरू होतो : ‘आपण उगाच बदललं का?’

हा अनुभव एका घराचा वा एका कंपनीचा नाही. लहान शहरांतील ब्रॉडबँडच्या बाजारात गेल्या काही वर्षांत स्पर्धा आली, दर उतरले, वेगाचे आकडे वाढले. परंतु जे भाग सर्वाधिक वेळा बिघडतात त्यांच्यापर्यंत ही स्पर्धा पोहोचलेलीच नाही. ग्राहक कंपनी बदलतो तेव्हा बिलावरचे नाव बदलते. रस्त्यावरचा खांब, त्यावरून लोंबणारी केबल, महावितरणची वीज आणि घराची दोन हात जाड भिंत हे सारे जिथल्या तिथे राहते. चिपळूणच्या निमित्ताने या प्रश्नाकडे पाहिले, तर दोष कुठे आहे आणि दुरुस्ती कुठे व्हायला हवी, हे बरेच स्पष्ट होते.

चैनीपासून गरजेपर्यंत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या माध्यमातून. टेलिफोनच्या तारेवरून करकर आवाज करीत होणारी ती जोडणी महानगरांपुरती होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले आणि २००५ च्या आरंभी भारत संचार निगमने टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवर ही सेवा सुरू केली. कोकणातल्या अनेक गावांनी पहिले ‘नेट’ पाहिले ते याच तारेवर. पाऊस पडला की फोनमध्ये खरखर आणि खरखर आली की नेट बंद, हे समीकरणही तेव्हाचेच. तांब्याच्या जोडांत ओल शिरली की ते गंजतात, इतके साधे त्याचे कारण होते.

पुढे व्याख्या बदलत गेली. २०१३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. प्रत्यक्षात बाजार या व्याख्येच्या कितीतरी पुढे गेला असून, आज तालुक्याच्या गावीही ५० वा १०० मेगाबिटच्या योजना सहज मिळतात. तांब्याची जागा काचेच्या तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने घेतली. दूरचित्रवाणीच्या केबलचा व्यवसाय करणारे स्थानिक केबलचालक मोठ्या कंपन्यांचे भागीदार झाले आणि घरापर्यंतचा शेवटचा टप्पा त्यांच्या हाती आला.

मात्र देशाचा विचार करता तारेवरचे इंटरनेट अजूनही अल्पसंख्याकच आहे. २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यांतील तारेवरचे जेमतेम ४ कोटींच्या घरात. उरलेले सारे मोबाइलवर. धोरणकर्त्यांचे, नियामकांचे आणि कंपन्यांचे लक्ष साहजिकच मोबाइलकडे अधिक राहिले. घरातल्या वायफायची तक्रार करणारा चिपळूणकर या हिशेबात फारसा दिसतच नाही.

दरम्यान, या तारेवरचा भार मात्र पालटला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याचे चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले आणि ओटीवरून कचेऱ्या चालू लागल्या. मुलांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागला, ही बातमी त्याच वर्षी राज्यभर गाजली. टाळेबंदी उठली, पण घरून काम करण्याची मुभा मिळालेले काही जण गावातच राहिले. आई-वडिलांची काळजी घेत, मुंबईचे भाडे वाचवत कोकणातच पोटापाण्याचा उद्योग करता येतो, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवले. शतकभर मुंबईकडे माणसे पाठवणाऱ्या या जिल्ह्याच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. ती टिकेल की नाही, हे ज्या थोड्या गोष्टींवर ठरणार आहे त्यांत भिंतीवरच्या त्या हिरव्या दिव्याचाही समावेश होतो.

बिघाड नेमका कुठे?

‘नेट गेले’ या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. एक घराच्या आत, राउटर आणि मोबाइल यांच्यामधला. दुसरा घरापासून कंपनीच्या स्थानिक केंद्रापर्यंतचा. तिसरा त्या केंद्रापासून पुढे मुंबईकडे आणि जगाकडे जाणाऱ्या मार्गावरचा. ग्राहकाच्या लेखी तिन्हींचे लक्षण एकच, चित्र थांबणे. तक्रारीच्या दूरध्वनीवर उत्तरही एकच, ‘राउटर बंद करून चालू करा.’ यातला फरक न ओळखता कंपनी बदलली, तर नवी कंपनीही जुन्याच दुखण्यासह घरात येते.

फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. लॅपटॉप थेट राउटरला तारेने जोडून वेग मोजायचा आणि नंतर त्याच वेळी वायफायवर मोजायचा. तारेवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी, तर दोष घरातला. तारेवरही कमी, तर दोष बाहेरचा. तारेवर दिवसभर ठीक आणि रोज रात्री आठ ते अकरा या वेळेत मंद, तर पुढच्या मार्गावर गर्दी आहे आणि कंपनीने क्षमतेपेक्षा अधिक जोडण्या दिल्या आहेत, असा संशय घेण्यास जागा आहे. ही नोंद चार-पाच दिवस तारीख-वेळेसह वहीत ठेवली, तर तक्रारीला वजन येते.

जांभ्याची भिंत आणि हवेतील गर्दी

घरातल्या दोषाचा विचार आधी करावा लागतो, कारण कंपनी बदलल्यानंतरच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते. कोकणातले जुने घर जांभ्या चिऱ्याचे असते. भिंती जाड, खोल्या एकापाठोपाठ एक. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर अशी लांबलचक रचना. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. प्रत्येक जाड भिंत त्यांची ताकद शोषून घेते. जोडणी द्यायला आलेला माणूस केबल कमी लागावी म्हणून राउटर दर्शनी भिंतीवर, दाराशेजारी बसवतो आणि अभ्यासाची खोली असते मागच्या दारी. मधल्या तीन भिंतींनंतर १०० मेगाबिटचे काय उरेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर काम करते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याचा पल्ला लांब, वेग कमी. दुसऱ्याचा वेग अधिक, पण भिंतीपुढे तो लवकर हतबल होतो. २.४ च्या पट्टीत एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत : १, ६ आणि ११. बाजारपेठेत वा चिंचनाक्याजवळच्या एखाद्या इमारतीत पंधरा-वीस घरांची राउटर याच तीन मार्गांवर एकाच वेळी बोलत असतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्टीच्या आसपास चालतो. अशा इमारतीत कंपनी बदलून काही साधत नाही. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वापरणे, राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर आणणे आणि घर लांब असेल तर तारेने जोडलेले दुसरे राउटर मागच्या खोलीत बसवणे, हे उपाय अधिक खात्रीचे आहेत. तार न ओढता नुसता ‘एक्स्टेंडर’ लावला, तर जिथे मुळातच दुबळी लहर पोहोचते तिथून तो तीच पुढे पाठवतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

कंपनी बदलताना काही नवे घोळही निर्माण होतात. जुने राउटर चांगले होते म्हणून ते नव्या यंत्रामागे तसेच जोडले जाते. मग घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रे होतात आणि मोबाइल, प्रिंटर, दूरचित्रवाणी संच कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे धाव घेतात. नेट ‘येते-जाते’ असे वाटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोहोंपैकी एकाला नुसते वायफाय पसरवण्याचे काम दिले की तो घोळ मिटतो.

दुसरा घोळ दुकानदारांना अधिक जाणवतो. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यावर शेकडो ग्राहकांना बसवतात. नेहमीच्या वापरात ते कळत नाही. परंतु दुकानातले कॅमेरे घरून पाहण्याची जुनी सोय कंपनी बदलताच अचानक बंद पडते आणि तंत्रज्ञ कॅमेऱ्याला दोष देतो. स्वतंत्र पत्ता मिळेल का आणि त्याचे किती पैसे पडतील, हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायचा असतो.

खांबावरचा कारभार

घराबाहेर पडले की चिपळूणचा भूगोल सुरू होतो. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठाने वसलेले, भोवती डोंगर असलेले हे शहर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. खेर्डीपासून गोवळकोटपर्यंत वस्ती पसरलेली. मध्ये आंबा, फणस, माड. फायबरची केबल बहुतेक ठिकाणी जमिनीखाली नाही. ती विजेच्या वा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून, घरांच्या वळचणीवरून गेलेली असते.

काचेच्या तंतूला गंज चढत नाही आणि त्यातून वीज वाहत नसल्याने वळवाच्या विजांचेही त्याला तांब्याइतके भय नाही. पण तो वाकवला तर त्यातला प्रकाश गळतो. वाऱ्याने फांदी त्यावर टेकली, खारीने आवरण कुरतडले, सांध्याच्या डबीत पाणी-माती शिरली की प्रकाश क्षीण होतो. घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचणारा प्रकाश डीबीएम या मापात मोजतात. तो साधारण उणे २७ च्या खाली गेला की जोडणी तुटू लागते. तो उणे २६ वर असेल, तर कोरड्या दिवशी नेट चालेल आणि वाऱ्यापावसाच्या रात्री जाईल. दुरुस्तीला माणूस येतो तोवर ऊन पडलेले असते, दिवा हिरवा असतो आणि ‘काही बिघाड नाही’ अशी नोंद होऊन तक्रार मिटवली जाते. ग्राहकाने त्या वेळी एकच गोष्ट मागावी : मीटर लावून प्रकाशाचा आकडा दाखवा. तो आकडा संदेशात लिहून घ्यावा. जोडणीच्या दिवशीचा आकडा आणि बिघाडानंतरचा आकडा यांतली तफावत सारे सांगून जाते.

विजेचा प्रश्न याहून मूलभूत आहे. आजच्या फायबर जोडणीत स्थानिक केंद्रापासून घरापर्यंतच्या मार्गावर विजेची गरज नसते. एका तंतूतला प्रकाश काचेच्याच विभाजकाने ३२ वा ६४ घरांत वाटला जातो. मात्र अनेक ठिकाणी जुन्या पद्धतीची मांडणी शिल्लक आहे. तिथे खांबावरच्या वा इमारतीच्या जिन्यातल्या पेटीत विजेवर चालणारे स्विच असते आणि तिथून घरापर्यंत तांब्याची तार येते. त्या पेटीची बॅटरी संपली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट नसते. ‘फायबर’ या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात. तेव्हा ‘काच थेट माझ्या घरात येणार की जिन्यापर्यंतच?’ हा प्रश्न वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावात तर अधिकच.

तिसरे संकट फावड्याचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने चिपळूणकरांच्या सहनशीलतेची वर्षानुवर्षे परीक्षा घेतली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळल्याने हे काम देशभर चर्चेत आले. अशा मोठ्या कामांत, जलवाहिनी वा गटारांच्या खोदाईत केबल तुटणे ही देशभरची कहाणी आहे. बेसुमार, परस्परांना न कळवता होणाऱ्या खोदाईने वर्षाला सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच म्हटले होते. त्यावर उपाय म्हणून खोदण्यापूर्वी केबलमालकांना कळवण्याचे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. ते जेसीबीचालकाच्या हातापर्यंत पोहोचले, तरच त्याचा उपयोग.

इथेच कंपनी बदलण्याच्या उपायाची मर्यादा उघडी पडते. एका गल्लीत दोन कंपन्यांच्या केबल बहुधा एकाच खांबावरून जातात, एकाच नाल्याकाठी तुटतात आणि कित्येकदा त्या जोडणाराही तोच एक माणूस असतो. सांधा जुळवण्याचे यंत्र महाग, ते हाताळणारे हात थोडे. पहिल्या मोठ्या पावसानंतर शंभर घरांच्या तक्रारी एकदम येतात आणि दोन-तीन माणसे गावभर धावत असतात. त्यांच्या परिश्रमांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो दर उतरवताना दुरुस्तीचा खर्चही उतरवणाऱ्या व्यवसायपद्धतीचा. महिन्याला काहीशे रुपयांची योजना विकताना त्यातून दुरुस्तीसाठी किती उरते, हा हिशेब कोणत्याही जाहिरातीत नसतो.

२२ जुलै २०२१

या साऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे चिपळूणने एकदा पाहिले आहे. २६ जुलै २००५ चा पूर स्मरणात असतानाच २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने शहर वेढले. बाजारपेठ बुडाली, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले, १८६४ पासून ग्रंथ जपणाऱ्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते शिरले. वीज गेली आणि तिच्यामागोमाग संपर्कव्यवस्थाही कोलमडली. छपरावर अडकलेल्यांना मदत मागता येईना आणि मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत, हे कळेना.

इतक्या मोठ्या पुरात कोणतीही घरगुती केबल तगली नसती, हे मान्य. परंतु त्या दिवसाने एक गोष्ट शिकवली. संपर्काचे मार्ग दिसायला अनेक असले, तरी ते एकाच विजेवर, एकाच सखल रस्त्यावर आणि एकाच पुलावर अवलंबून असतील, तर संकटात तो एकच मार्ग ठरतो. घरात दोन कंपन्यांची जोडणी घेणाऱ्या ग्राहकालाही हेच लागू पडते. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर दुसरीचे पैसे वाया. एक जोडणी तारेची आणि दुसरी, तात्पुरत्या वापरासाठी, मोबाइलची असेल तर निदान दोन्ही एकदम जाण्याची शक्यता कमी होते.

हक्क आहेत, पण कागदावर

ग्राहक अगदीच निराधार आहे, असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या सेवादर्जाचे नियम केले. बिघाड तीन कामकाजी दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, सात दिवसांहून अधिक लांबल्यास पंधरा दिवसांची आणि पंधरा दिवसांहून अधिक लांबल्यास महिन्याची, अशी तरतूद त्यांत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये जारी झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या नियमांनी मोबाइल व तारेवरच्या सेवांसाठी एकत्र मानके आणली. एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक बंद राहिल्यास कंपनीने ती माहिती ट्रायला कळवायची आणि ती चोवीस तासांहून अधिक लांबल्यास ग्राहकांना भरपाई द्यायची, असे हे नियम सांगतात. नैसर्गिक आपत्तीला त्यातून सूट आहे. कोकणात मोठा पाऊस आणि आपत्ती यांमधली रेषा कोण आखणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

अडचण अंमलबजावणीची आहे. या सवलतीची ग्राहकाला माहिती नसते. तक्रार दूरध्वनीवरून वा स्थानिक केबलचालकाच्या व्हॉट्सॲपवर केली जाते. तिचा क्रमांक मिळत नाही आणि क्रमांक नसलेली तक्रार नियमांच्या दृष्टीने झालेलीच नसते. ट्राय नियम करते, पण वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि तिथे समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचे असते. न्याय देणारा कंपनीच्याच घरचा असल्याने या पायरीवर लोकांचा विश्वास बसत नाही. तरीही पुढच्या लढाईसाठी ती पायरी चढून ठेवणे शहाणपणाचे.

पुढची लढाई शक्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. २००९ मधील एका निकालामुळे दूरध्वनीविषयक तक्रारी ग्राहक मंचापुढे चालत नाहीत, असा समज दृढ झाला होता. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्वाळा दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवण्याची मुभा दिली आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात शुल्कही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक तर त्याआधीही वापरता येतो. आठशे रुपयांच्या बिलासाठी कोण आयोगाकडे जाणार, असे कंपन्या गृहीत धरतात. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या गृहसंकुलातील वीस-पंचवीस कुटुंबांनी एकत्र तक्रार केली, तर हे गृहीतक कोलमडू शकते.

करता येण्याजोगे

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली आणि ग्राहकाच्या हाती खरी ताकद आली. घरगुती ब्रॉडबँडला तसे काही लागू नाही. नवी केबल, नवे यंत्र, नवी अनामत आणि आगाऊ रक्कम असा सारा खटाटोप करावा लागतो. म्हणूनच बदल करण्यापूर्वी थोडी सावधगिरी हवी. आगाऊ पैसे वर्षाचे न भरता एक-दोन महिन्यांचे भरावेत, मग दर थोडा अधिक पडला तरी चालेल. जुनी जोडणी लगेच तोडू नये; दोन्ही महिनाभर शेजारी चालवून पाहाव्यात आणि तो महिना शक्यतो पावसाळ्यातला असावा. मार्चमध्ये चांगले चालणारे नेट ही कोकणात फारशी मोठी परीक्षा नव्हे. नव्या राउटरला जुन्याच वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द दिला की घरातली बहुतेक साधने आपोआप जोडली जातात. यंत्र आणि राउटर मिळून एखाद्या लहान बल्बाइतकीच वीज खातात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस पुरतो. आणि चौकशी करायची ती त्याच गल्लीतल्या शेजाऱ्याकडे. त्याला वेग विचारू नये. गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होते आणि माणूस किती तासांत आला, ते विचारावे.

ग्राहकाची सावधगिरी पुरेशी नाही. खांबावरचे जाळे हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही सार्वजनिकच असणार. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सर्व कंपन्यांना वापरता येतील अशा सामायिक भूमिगत वाहिन्यांची तरतूद आहे, आणि केबल टाकण्याच्या परवानगीचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. रस्ता नव्याने बांधताना त्याच्या कडेला रिकामी नळी टाकून ठेवणे हा रस्त्याच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ भाग. ती नगर परिषदेने टाकावी, कंपन्यांकडून भाडे घ्यावे आणि पुन्हा रस्ता खोदण्यास मनाई करावी. पूररेषेखालच्या भागात सांध्याच्या पेट्या किती उंचीवर असाव्यात, याचा नियम २०२१ नंतर तरी व्हायला हवा. कंपन्यांनी आपल्या स्थानिक केंद्रांना किती तासांची बॅटरी दिली आहे आणि जिल्हावार दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो, हे आकडे ग्राहकाला दिसतील अशा जागी लावण्याची सक्ती ट्रायने केली, तर स्पर्धेचा रोख मेगाबिटवरून दुरुस्तीकडे वळेल. आज ग्राहक वेगाच्या आकड्यावर निवड करतो, कारण त्याच्यासमोर दुसरा आकडाच ठेवला जात नाही.

गावी राहून शहराचे काम करता येईल, या आशेवर काही तरुण कोकणात परतले आहेत. त्यांच्यासाठी उद्योग वसाहत उभारावी लागली नाही, जमीन संपादित करावी लागली नाही. त्यांना हवी आहे ती पावसातही टिकणारी एक केबल आणि ती तुटल्यास दुसऱ्या दिवशी येणारा माणूस. एवढेही मिळाले नाही, तर ते आधी कंपनी बदलतील, मग आणखी एक बदलतील. आणि अखेरीस कोकणातल्या आधीच्या पिढ्यांनी जे बदलले तेच बदलतील : गाव.